अत्ते म्हणजे आत्या

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. मागच्या वर्षीही ठरवलं होतं, पण तेव्हा मी विमा कंपनीत होतो आणि लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता नोकरी सोडली आहे, तेव्हा काहीतरी घडायलाच हवं.

माझ्या संकेतस्थळाचं नाव 'उसनवारी'. सुप्रीताला ते आवडलेलं नाही. दुकान उघडायचं आणि पाटीवर 'उधार' लिहायचं, हे तुम्हालाच सुचतं, असं ती म्हणाली. तिला परवान्याची गंमत पुन्हा एकदा समजावली. जगभर लोक आपले लेख मुक्त परवान्याखाली ठेवतात. कोणीही घ्या, पुन्हा छापा, भाषांतर करा, विचारायला येऊ नका. अटी एवढ्याच, की लेखकाचं नाव द्या, मूळ लेखाचा दुवा द्या आणि काही बदललं तर बदललं म्हणून सांगा. एकदा दिलेला परवाना लेखकाला परत घेता येत नाही. असे लेख निवडून मी ते मराठीत आणतो. सगळं शांतपणे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आयत्या बिळावर नागोबा." बायको बँकेत असली की असंच बोलणार.

गुंडोने वाचकांची मोजणी बसवून दिली. गुंडो इथे बेंगळुरूत आमच्याच बसवनगुडीच्या गल्लीतला, शाळेपासूनचा मित्र. कोरमंगलात तो संगणकाची कामं करतो आणि त्याच जागेच्या कोपऱ्यात त्याने मला एक टेबल दिलं आहे. प्रत्येक लेखाच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते. कोणी पान उघडलं की ती इकडे कळवते, की गाव कुठलं, फोन कुठला, अक्षरं किती मोठी केली, कुठल्या ओळीपर्यंत वाचलं. नाव तेवढं सांगत नाही. आज एकूण अकरा वाचक झाले. त्यात घरून, फोनवरून आणि टेबलावरून उघडणारा मीच निम्मा.

७ नोव्हेंबर

सापडला. ज्या लेखाची वाट बघत होतो तो सापडला, आणि तोही कानडीत.

देवनहळ्ळीकडच्या काही बायका मिळून एक संकेतस्थळ चालवतात. तिथे कावेरी नावाच्या बाईंनी 'तट्टे', म्हणजे ताट, या नावाने लिहिलं आहे. मजकूर जेमतेम दोन पानांचा. त्या घरात अत्ते ताट कसं मोजून वाढायची, दह्याच्या भांड्यावर खूण कशी करून ठेवायची, आणि एके दिवशी तिने भरलं ताट समोरून कसं ओढून घेतलं. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, घर कोणाचं तेही नाही. फक्त अत्ते. वाचताना माझा चहा निवून गेला.

दुपारीच भाषांतराला बसलो. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या या मुलखात आहे, कानडी मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला अत्तेच म्हणत. माझीही एक अत्ते होती, तिचाही हात असाच आखडता. मला अर्धी पुरणपोळी आणि तिच्या मुलाला दोन. लिहिताना तिचाच चेहरा समोर येत होता, त्यामुळे आत्या अगदी जिवंत उतरली.

ताट ओढण्याचं वाक्य मुळात फार कोरडं आहे. 'अत्तेने ताट ओढून घेतलं', बस. मराठीत तेवढ्यावर भागत नाही. मी लिहिलं, 'ज्या हातांनी मला घास भरवले, त्याच हातांनी आत्याने माझं ताट ओढून घेतलं.' माझ्याच अंगावर काटा आला. हे घास भरवणं मुळात नाही, हे खरं. पण ते मुळात असायला हवं होतं.

लेखिकेला एकदा विचारावं, असं वाटून गेलं. लेखाखाली तिचा पत्ता होता. मग म्हटलं, विचारतच बसायचं तर परवाना मुक्त कसला.

१० नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी 'ताट' टाकलं आणि मराठी मंडळांच्या सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर पाठवलं. निपाणी, बेळगाव, सोलापूर, पुणे, कुठून कुठून लोक येत आहेत. आजवर मी विज्ञान आणलं, अर्थशास्त्र आणलं, कुत्रं फिरकलं नाही. एका आत्याने माझं घर भरलं.

लोक खाली लिहीतही आहेत. निपाणीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, असल्या आत्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे. दुसऱ्या बाईंनी लिहिलं, ही म्हातारी अजून जिवंत असेल तर तिच्या पोटात घास कसा उतरतो? मी लगेच 'तुमची आत्या' असं वेगळं सदर उघडलं. आतापर्यंत बारा-पंधरा आत्या जमा झाल्या आहेत, एकीहून एक सरस.

जेवताना सुप्रीता म्हणाली, त्या कावेरीच्या आत्याच्या हातात हे पडलं तर? मी म्हटलं, पडू दे की. तेवढंच तिला कळेल.

१३ नोव्हेंबर

आज गुंडोने एक मजा दाखवली. बेंगळुरूतलाच एक फोन आहे. अक्षरं त्या फोनवर जेवढी मोठी होतात तेवढी केलेली. शनिवारपासून तो रोज येतो, दिवसातून पाचदा, सातदा. दर वेळी सुरुवातीपासून वाचत माझ्या त्या वाक्यापर्यंत येतो, तिथे बराच वेळ थांबतो आणि पुन्हा वर जातो. त्या ओळीखाली एकदाही उतरलेला नाही. गुंडो म्हणाला, फोन बिघडला असेल रे कोणाचा.

गुंडोला संगणक कळतो, वाचक कळत नाही. हा खरा रसिक आहे. एखादा निवृत्त मास्तर असणार, आमच्या बसवनगुडीतच राहत असणार, चष्मा कपाळावर ढकलून वाक्य घोळवून घोळवून वाचत असणार. आणि वाक्य कोणतं? मुळातलं नव्हे, माझं. मी त्यांना मास्तरच म्हणायला लागलो आहे. सकाळी उठलो की आधी मास्तर येऊन गेले का ते बघतो.

१८ नोव्हेंबर

कावेरीबाईंचा फोन आला आणि मी चाटच पडलो, कारण बाई कानडीत नव्हे, निपाणीकडच्या मराठीत बोलू लागल्या.

त्यांनी सगळं सांगितलं ते असं. आई लहानपणीच गेली. चंपाआत्या, वडिलांची बहीण, त्यांना बेंगळुरूला घेऊन आली आणि तिनेच वाढवलं. देवनहळ्ळीजवळच्या एका कानडी घरात लग्न लावून दिलं. तिथे सासूने छळलं, तेव्हा याच आत्याने जाऊन त्यांना परत आणलं. आता दोघी बसवनगुडीतच राहतात, बसवण्णाच्या देवळामागच्या रस्त्याला. लेख कानडीत लिहिला तो त्या गावच्या बायकांनी वाचावा म्हणून. नवरा, लग्न, सासर हे शब्द मुद्दाम गाळले, कारण सासरची माणसं भांडकुदळ आहेत. कानडीत अत्ते म्हटलं की बायकांना न सांगताही कळतं.

"अत्ते म्हंजे सासू, सर," त्या म्हणाल्या. "आत्याला आम्ही आत्ती म्हणतो. माझी आत्ती अत्ते कधीच न्हवती."

मी त्यांना शांतपणे सांगितलं, की कानडीत अत्ते दोघींनाही म्हणतात, शब्दकोश उघडून बघा. दोन अर्थांचा शब्द वापरायचा आणि मग अनुवादकाच्या नावाने खडे फोडायचे, हे बरोबर नाही.

मग बाई मुद्द्यावर आल्या. नात्यातल्या कोणीतरी गटावरून तो लेख आत्याला पाठवला आणि आत्याला ते सगळं आपल्याबद्दलच वाटतं. तिला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून मूळ लेख दाखवून उपयोग नाही. कावेरीबाईंनी तोंडाने सांगून पाहिलं. बरोबर भाषांतर स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं. तर आत्या म्हणाली, हे तू आत्ता लिहिलंस, छापलंय ते निराळं. जिथे वाचलं तिथेच बदललेलं दिसलं, तरच ती विश्वास ठेवील. "एकच शब्द हाय, सर. तेवढा बदला की." मी बघतो म्हणालो.

मनाला लागलं, नाही असं नाही. संध्याकाळी दोनदा पान उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं. पण 'ज्या हातांनी मला घास भरवले' याच्यापुढे सासू कशी येणार? सगळं वाक्यच कोसळतं.

१९ नोव्हेंबर

गुंडोला विचारलं. मजकुरातला शब्द बदलला की ती नवी आवृत्ती, आणि नव्या आवृत्तीला नवी खूण. मोजणी शून्यापासून. आकडे परवान्यावाल्यांकडेही जातात आणि त्यांचा तसा नियमच आहे, एका मजकुराचे वाचक दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ नयेत म्हणून.

आणि नेमका आजच यशोवर्धनचा फोन यावा. मुक्त लेख पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्यांचा मेळावा दरवर्षी भरतो, तो त्याचा मुख्य माणूस. या वर्षी सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखाचा सन्मान आठ डिसेंबरला आहे. 'ताट' सध्या सगळ्या भाषांत पहिलं आहे. "सुमंत सर, भाषण तयार ठेवा," असं म्हणाला. सर म्हणाला मला. विमा कंपनीत इतकी वर्षं काढली, तिथे शिपाईसुद्धा सर म्हणत नव्हता.

म्हणजे दुरुस्ती आठ तारखेनंतर. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. गैरसमज एवढे दिवस टिकला, आणखी थोडा टिकेल.

कावेरीबाईंना सविस्तर पत्र लिहिलं. परवाना मागे घेता येत नाही, अनुवादाचा हक्क माझा आहे, तरीही दुरुस्तीचा विचार जरूर करीन, असं कळवलं. शिवाय परवान्यात सोय आहे, त्यांना लाज वाटत असेल तर लेखावरचं त्यांचं नाव मी काढून टाकायला तयार आहे, हेही लिहिलं. इतकं समजुतीने हल्ली कोण वागतं?

२२ नोव्हेंबर

कावेरीबाई आज कोरमंगलाला येऊन थडकल्या. शाळेत शिकवतात, तशाच परस्पर आल्या होत्या. तिशीच्या, बारीक, डोळ्यांखाली काळं. चहा मागवला, प्यायल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, आत्याने मनाशी शोधून शोधून एक दिवस काढला आहे. कावेरी दहा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. डॉक्टरांनी भात देऊ नका सांगितलं होतं आणि पोरीने शेजारणीकडून वाढून आणला. तेव्हा आत्याने ताट ओढून घेतलं होतं. तो दिवस कावेरीला आठवतही नाही. आत्या मात्र म्हणते, वीस वर्षं मनात धरून बसलीस, बोलली का नाहीस? आता ती कावेरीसमोर जेवायला बसत नाही. तिचं ताट वाढते आणि आपण मागच्या पायरीवर जाऊन बसते. भूक नाही म्हणते.

मी मन लावून ऐकत होतो. काय प्रसंग आहे! तापातली पोर, ताट ओढणारा हात आणि वीस वर्षांनी उलटलेलं सगळं. म्हटलं, बाई, हे लिहा. पहिल्याहून सरस होईल. याच परवान्याखाली लिहा, मी लगेच घेतो.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "सर, तुम्हाला मी मानूस सांगायला आले हुते." आणि उठून गेल्या.

गुंडो पलीकडे बसून सगळं ऐकत होता. निघताना म्हणाला, "बदलून टाक रे, स्वल्प काम आहे. हवं तर मी करतो." मी त्याला म्हटलं, तू मोजायचं काम कर, लिहायचं माझ्यावर सोड. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि हेल्मेट घालून गेला. मित्र म्हणून चांगला आहे, पण त्याला महत्त्वाकांक्षा नाही.

मास्तर आज नऊ वेळा येऊन गेले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. आमच्या भागात नुसता शेंगांचा महापूर, चालायला जागा नाही, पिपाण्या वाजवणाऱ्या पोरांनी कान किटले. सुप्रीताला शेंगा हव्या होत्या म्हणून बाहेर पडलो आणि बसवण्णाच्या देवळाच्या चढावर कावेरीबाई समोर आल्या. सोबत एक म्हातारी, कावेरीच्या दंडाला धरून चालणारी. नऊवारी, कपाळ मोठं, अंगावर मांस नाही.

टाळता येईना. कावेरीबाईंनीच म्हातारीला सांगितलं, हेच ते उसनवारीवाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की आता काय ते तुम्हीच सांगा. तेवढ्यात म्हातारीला पाणी हवं झालं. त्या तिला एका ओट्यावर बसवून पाणी आणायला गेल्या आणि आम्ही दोघेच उरलो.

मला वाटलं होतं म्हातारी आता तोंड सोडणार. पण ती हसली. म्हणाली, "भाषा लई चांगली हाय तुमची." आणि माझं ते वाक्य तिने अख्खं म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आजवर माझं वाक्य कोणी मला पाठ म्हणून दाखवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी विरघळलो.

मग तिने विचारलं, "हे घास भरवल्याचं तिचंच हाय, का तुमी घातलं?"

आता काय सांगणार? माझं म्हणावं तर बदल केला आणि तो सांगितला नाही, म्हणजे परवान्याची अटच मोडली. ते यशोवर्धनच्या कानावर गेलं तर आठ तारीख संपली. आणि माझं म्हटलं असतं, तरी तिने विश्वास ठेवला असता कशावरून?

"तिचंच," मी म्हणालो. "मी फक्त भाषा बदलली."

म्हातारी मान हलवत राहिली. "मंग खरंच असंल," ती म्हणाली. "माझ्या हातानं भरवल्याबिगर ती जेवत न्हवती. ते तिच्याबिगर कुनाला ठावं?"

पदराखालच्या पिशवीतून तिने मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि खा म्हणाली. मी खाल्ल्या. कावेरीबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी नमस्कार करून निघालो होतो.

इतका गोंगाट होता की मी काय बोललो ते तिला नीट ऐकूही आलं नसेल. शेंगा मात्र ताज्या होत्या.

२९ नोव्हेंबर

मास्तर चार दिवस आलेले नाहीत. सोमवारी दुपारपासून गायब. गुंडोला म्हटलं, खूण नीट चालते का बघ. चालते म्हणाला. आकडा वाढतोच आहे, हजारो येतात, पण वरवर चाळून जातात. एक चांगला वाचक गेला की कळतं. लग्नकार्याला गावाला गेले असतील.

३ डिसेंबर

कावेरीबाईंचा निरोप आला. आत्याला दवाखान्यात ठेवलं आहे. दोन घास गेले तर गेले, ताट समोर आलं की तोंड फिरवते. डॉक्टर सलाईनवर किती दिवस ठेवणार? खाली लिहिलं होतं, 'अजून उशीर झाला नाही. बदललेलं दिसलं तर ती मानील. पाया पडते.'

सुप्रीताने तो माझ्या खांद्यावरून वाचला. तेव्हापासून मागे लागली आहे, आत्ताच्या आत्ता बदला. मी तिला नियम समजावला. ती म्हणाली, "एवढं काय देणार आहेत हो तुम्हाला तिथे?" मी म्हटलं, प्रश्न देण्याघेण्याचा नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला एकदा व्यासपीठावर बोलावतात, हे तुला कळायचं नाही.

आज मलाही झोप लागेलसं वाटत नाही. दोनदा वाटलं, जाऊ दे, बदलावं. मग भाषणाचा कागद काढला आणि त्यात वेळ गेला. कावेरीबाईंना कळवलं आहे, नऊ तारखेला नक्की. शब्द दिला म्हणजे दिला.

८ डिसेंबर, रविवार

काय दिवस गेला! सभागृह भरलेलं. शाल, मानचिन्ह, फोटो. यशोवर्धनने माझी ओळख करून देताना सांगितलं, की मुक्त लेखन एका भाषेच्या अंगणातून दुसऱ्या भाषेच्या माजघरात कसं जातं, ते यांनी दाखवलं. मूळ लेखिका का आल्या नाहीत असं कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, घरी आजारपण आहे.

भाषणात मी मास्तरांचा उल्लेख केला. एका ओळीसाठी पुन्हा पुन्हा येणारा, नाव नसलेला वाचक. आपण आकडे मोजतो, पण लिहितो एकासाठी, असं म्हटलं. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

सुप्रीता आली नाही. रविवारी बँक नसते.

९ डिसेंबर

शब्द पाळला. सकाळी उठून आधी तेच केलं. आत्याच्या जागी सासू घातली आणि घास भरवण्याचं काढून टाकलं. फार जड गेलं. आता तिथे नुसतं 'सासूने ताट ओढून घेतलं' असं उरलं आहे, कोणीही लिहील असं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'मूळ लेखातील संदिग्धतेमुळे पूर्वी वेगळा अर्थ घेतला गेला होता.' नव्या पानाला नवी खूण बसली आणि आकडा शून्य झाला. जुनं पान मात्र मोडलं नाही. इतक्या लोकांनी ते एकमेकांना पाठवलं आहे, सगळे दुवे तुटले असते.

नवं पान कावेरीबाईंना पाठवलं. 'शब्द दिल्याप्रमाणे' असंही लिहिलं. उत्तर नाही. आभाराचे दोन शब्द लिहायला काय जातं, पण असो.

११ डिसेंबर

कावेरीबाईंचं उत्तर आलं. एकच ओळ. 'आत्ती शनिवारी गेली.'

शनिवार म्हणजे मेळाव्याच्या आदल्या दिवशी. वाईट वाटलं. पण हिशेबाने बघितलं, तर मी नऊ तारखेऐवजी सातला सकाळी जरी बदललं असतं, तरी काय उपयोग होता? शिवाय वय झालं होतं, खाणंपिणं सुटलं होतं. त्यांना लिहिलं, आपल्या दुःखात सहभागी आहे, आणि दुरुस्ती आता कायमची राहील, एवढं समाधान माना. चंपाआत्यांवर कधी लिहावंसं वाटलं तर 'उसनवारी'चं दार उघडं आहे, हेही लिहिलं.

'तुमची आत्या' सदर तूर्त बंद ठेवलं आहे. असल्या वेळी बरं दिसत नाही.

१९ डिसेंबर

चंपाआत्यांचा आज तेरावा. मला बोलावणं नव्हतं. सुप्रीता बोलावल्याशिवाय गेली आणि संध्याकाळी आली ती तशीच, साडीही न बदलता, खुर्चीवर बसून राहिली.

मग सांगू लागली. कावेरीने आत्याचा फोन आज पहिल्यांदा चार्ज करून सुरू केला. दवाखान्यात नेल्यापासून तो तसाच उशाखाली पडून होता. माणसं जेवत होती आणि ती मागच्या पायरीवर बसून त्या फोनवर काहीतरी वाचत होती. अक्षरं एवढी मोठी की एका ओळीत दोन-तीनच शब्द मावत होते. सुप्रीताने विचारलं, जेवली नाहीस का? तर म्हणाली, एवढं संपवते, अक्का. पोरीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं, असं सुप्रीता म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, म्हातारपणी डोळे अधू होतातच.

ती उठली आणि मुकाट्याने पानं वाढली. आज भात, आमटी, वांग्याचं भरीत. मी सवयीने फोनवर मोजणी उघडली आणि माझा विश्वासच बसेना.

मास्तर परत आले! पंचवीस नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा. तोच फोन, तशीच मोठी अक्षरं, जुन्याच पानावर, आज दुपारी पावणेदोनला. आणि या वेळी माझ्या वाक्याशी थांबले नाहीत. सावकाश एकेक ओळ वाचत शेवटपर्यंत गेले, पार तळाशी, जिथे अनुवादक म्हणून माझं नाव आहे. तिथे कितीतरी वेळ थांबले. मी म्हणत नव्हतो, खरा वाचक कुठे जात नाही?

सुप्रीताला हाक मारून दाखवलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, वेळ बघितली, अक्षरांचा आकार बघितला, पुन्हा वेळ बघितली. मी मास्तरांबद्दल सांगतच होतो. तेवढ्यात तिने फोन खाली ठेवला, माझ्यासमोरचं भरलं ताट उचललं आणि आत घेऊन गेली.

आमटी गार झाली होती, गरम करायला नेलं असेल. हे सगळं लिहून झालं तरी अजून आलेलं नाही.